कोयता कुणी मोडला?

आज पिकावर नाही, हत्यारावर लिहितोय. पोस्ट लांब झालीय, दुपारी जनावरांना वैरण टाकून झाली की निवांत वाचा.

परवा आमचा पुतण्या तोंड पाडून घरी आला. हातात सुरीचे दोन तुकडे. ऑनलाइन मागवलेली, काळ्या रंगाची, जाडजूड, पाठीला करवतीसारखे दाते, मुठीच्या बुडाला झाकण आणि झाकणात होकायंत्र. मित्रांबरोबर गडावर मुक्कामाला गेला होता. तिथं रात्री जाळ करायला लाकूड फोडताना सुरी मुठीपाशी खटकन् मोडली. घरात सगळ्यांनी एकच सूर लावला, "ऑनलाइन माल असलाच." त्यानं तिथल्या तिथं मोबाइलवर एक स्टार देऊन राग काढला.

मी विचारलं, "लाकूड कसं फोडत होतास रं?"

"सुरी लाकडावर उभी धरायची आणि पाठीवर दगडानं हाणायचं. व्हिडिओत दाखवतात की तसं."

मला हसू आलं, पण लगेच गिळलं. कारण मोडलेल्या हत्याराबाबत मी स्वतः काय केलंय ते मला आठवलं. ते पुढं सांगतो.

त्याची सुरी नीट बघितली. मूठ पोकळ. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलंच नाही, करंगळीपेक्षा बारीक एका बोल्टावर सगळा भार. होकायंत्र ठेवायला जागा पाहिजे म्हणून मूठ पोकळ, आणि मूठ पोकळ म्हणून पातं आत जायला जागा नाही. पाठीवरचे ते दाते म्हणजे पात्याला मुद्दाम पाडलेल्या खाचा. म्हणजे मालात खोट होतीच. पण अशी सुरी नारळाची दोरी कापायला, कांदा चिरायला, काठी तासायला दहा वर्षं चालली असती. त्यानं तिच्याकडनं कुऱ्हाडीचं आणि पाचरीचं काम करून घेतलं. दोन्ही बाजूची चूक होती, स्टार मात्र एकालाच पडला.

त्यावरनं माळ्यावरचं मोडक्या हत्याराचं पोतं खाली काढलं. आमच्यात लोखंड टाकून द्यायची पद्धत नाही, त्यामुळं वडलांच्या काळापासनं साठलंय. अंगणात ओतलं. ११ नग निघाले. ५ कोयते, ३ विळे, २ खुरपी, १ कुऱ्हाड. प्रत्येकाची गोष्ट थोडीफार आठवते, नाहीतर सौ.ला आठवते, तिची आठवण माझ्यापेक्षा चांगली आणि माझ्या चुकांबाबत तर फारच चांगली. दोघांनी बसून हिशोब केला. लोहाराच्या नाहीतर लोखंडाच्या चुकीनं गेलेली दोन. बाकीची नऊ आमच्या घरच्यांच्या हातनं. आणि गंमत बघा, ज्या त्या वेळी आम्ही लोहारालाच बोललेलो.

आता माझी गोष्ट. २०१६ चा डिसेंबर. नोटाबंदीचा तो हंगाम, विसरला नसाल. माझ्या आवडत्या कोयत्याची मूठ ढिली झालेली. हा कोयता आमच्या गावच्या लोहारमामांनी २००७ ला ट्रकच्या पाट्यापासनं करून दिला होता. नऊ वर्षं त्यानं ऊस, वाढं, शेवरी, सगळं ओढलं. मूठ बसवायला मामा ५० रुपये घ्यायचे. माझ्या खिशात २००० ची एक नोट, मोडायची कुठं? मामा म्हणले असते पुढल्या आठवड्यात द्या, पण मला वाटलं त्यात काय एवढं, आपणच बसवू.

बाभळीची मूठ तासली. कोयत्याचं मुठीत जाणारं शेपूट चुलीतल्या निखाऱ्यात घातलं आणि पंख्यानं वारा घालत बसलो. मामा करतात तसं तापवून लाकडात घुसवायचं, म्हणजे आपली जागा आपण जाळून करतं. पण मामा पात्याला ओलं फडकं गुंडाळतात आणि शेपटाचं फक्त टोक तापवतात. मी फडकं गुंडाळलं नाही. शेपटाबरोबर मानही लालभडक झाली, पाच बोटं पात्यात लाली चढली. तशीच लाकडात ठोकली. भसकन धूर झाला, मुठीनं पेट घेतला. मी घाबरून अख्खा कोयता बादलीत बुडवला. चर्र आवाज झाला. मूठ घट्ट बसली होती. लय खुश झालो, ५० रुपये वाचले.

दोन महिन्यांनी बांधावरची वाळकी बाभळ साफ करत होतो. एक घाव बुडात घातला, कोयता रुतला. निघेना म्हणून मूठ आडवी दाबली. काच फुटावी तसा आवाज झाला. मूठ माझ्या हातात आणि पातं उडालं ते आठ-दहा हातांवर काटक्या गोळा करत असलेल्या सौ.च्या नडगीवर. सात टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन, तीन आठवडे घरात बसून. दोन वीत वर लागलं असतं तर काय, हे तेव्हा आम्ही दोघंही बोललो नाही, आणि अजून बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही तुकडे घेऊन मी मामांच्या भट्टीवर गेलो. फाळ शेवटून घ्यायला, कुळवाच्या फासा लावून घ्यायला सात-आठ माणसं बसलेली. सगळ्यांच्या समोर मी तुकडे ऐरणीवर आपटले आणि बोलायला सुरुवात केली. "काय लोखंड घातलंय? कच्चा माल लावता आणि माणसं मारता." शेवटी शेवटी अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर आलो. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा माणूस.

मामा काही बोलले नाहीत. तुकडा उचलला, उजेडात धरला, चष्मा वर करून मोडलेलं तोंड बघितलं. मग अंगठ्यानं मान पुसली. म्हणले, "दादा, मूठ कुणी बसवली?"

मी म्हणलं, "मीच."

"पाण्यात बुडवला?"

मी गप्प.

त्यांनी तो तुकडा माझ्यासमोर धरला आणि मोडलेलं तोंड कसं वाचायचं ते दाखवलं. सात-आठ जणांसमोर मला उघडं पाडायला नाही, शिकवायला, हळू आवाजात. मला मात्र तेव्हा अपमान वाटला. पण जे दाखवलं ते डोक्यात राहिलं, आणि ते तुम्हालाही सांगतो, कारण हत्यार मोडलं की सगळ्यात आधी हेच बघायला पाहिजे.

मोडलेल्या जागेचं तोंड चकचकीत, दाणेदार, जाड साखर नाहीतर रवा दिसावा तसं असेल आणि पातं जराही न वाकता मोडलं असेल, तर पोलाद तिथं जास्त कडक होतं. दाणा जितका जाड तितकं ते जास्त तापलेलं. दाणा बारीक, मऊ राखाडी रंगाचा असेल तर पोलाद आणि पाणी चांगलं होतं, आपणच त्याच्या ताकदीबाहेर ताण दिला. अर्धं तोंड काळं नाहीतर तांबूस गंजलेलं आणि अर्धं ताजं चमकतंय, म्हणजे चीर जुनी होती, आपल्याला दिसली नाही, आज उरलेला भाग गेला. आणि आधी पातं वाकलं, मग फाटल्यासारखं तुटलं, तर ते मऊ लोखंड. माझ्या कोयत्याचं तोंड मानेपाशी जाड साखरेसारखं होतं, आणि तिथनं दोन इंच पुढं मामांनीच घणानं एक तुकडा पाडून दाखवला, तिथं दाणा बारीक. एकाच पात्यात दोन जाती. बारीक दाणा मामांचा आणि जाड दाणा माझा.

असं का होतं ते थोडं समजून घ्या. साध्या लोखंडात, म्हणजे बांधकामाच्या सळईत नाहीतर अँगलमध्ये, कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा कमी. ट्रकच्या पाट्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के. हा एवढासा फरक, पण पाटा लाल तापवून एकदम गार केला की कडक होतो, सळई तेवढी होत नाही. यालाच आपण पाणी देणं म्हणतो. किती तापवायचं? लाल झाल्यावर साधारण ७७० अंशाला लोखंडाला लोहचुंबक चिकटायचं बंद होतं, त्याच्या जरा वर. मामांनी आयुष्यात थर्मामीटर बघितला नाही, ते भट्टीवर सावली धरून लाल रंगावर ओळखायचे. म्हणून तर भट्टी झाडाखाली असते, उन्हात रंग कळत नाही.

पण नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं असतं. धार राहील, पण एका ठोक्यात तुकडे. म्हणून मग ते हळू परत तापवून थोडं उतरवायचं. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर रंग चढत जातात, आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. निळा म्हणजे ३०० अंशाच्या आसपास. घाव सोसणाऱ्या हत्याराला तपकिरी-जांभळ्यापर्यंत आणायचं, म्हणजे कडकपणा थोडा जातो पण चिवटपणा येतो. आणि मान तर मुद्दाम मऊ ठेवायची, कारण सगळा झटका तिथं येतो. मी काय केलं होतं? मान लाल करून बादलीत घातली. म्हणजे मानेला पाणी दिलं आणि उतरवलं नाही. जिथं सगळ्यात चिवट पाहिजे तिथं काच करून ठेवली. दोन महिने ऊस तोडताना टिकला हेच नवल.

त्यातली वाईट गोष्ट पुढं आहे. मी त्या दिवशी चूक कबूल केली नाही. तुकडे तिथंच टाकून निघून आलो. आणि मी जे बोललो ते गावात राहिलं. "अमक्याच्या बायकोचा पाय गेला असता, मामांचं लोखंड कच्चं झालंय आता." पुढच्या हंगामात निम्मी माणसं बाजारातले तयार कोयते आणायला लागली. माझ्या एकट्यामुळं नाही, ते कोयते स्वस्तही होते. पण माझं बोलणं लोकांच्या तोंडी होतं, हे मी स्वतः पारावर ऐकलंय आणि तेव्हाही गप्प बसलोय.

आता आडवं दाबण्याबद्दल. माझी मान काचेची नसती तरी तो कोयता रुतल्यावर आडवा दाबणं चुकच होतं. पुतण्या मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. त्याला म्हणलं, स्टार देतोस, आता जरा हिशोबही दे. त्यानं वहीत करून दाखवला. ४० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड सपाट पट्टी धरली, तर धारेच्या दिशेनं येणारा वाक सोसायची तिची ताकद आडव्या बाजूच्या १० पट. कोयता पाचरीसारखा असतो म्हणून आकडा थोडा इकडंतिकडं, पण गोष्ट तीच. पातं घावासाठी केलंय, पिळण्यासाठी नाही. पोतं ओतलं त्यातल्या नऊपैकी चार नग असेच गेलेत, रुतल्यावर पिळून, नाहीतर दगड उचकटायला पहारीसारखे वापरून. त्यातलं एक खुरपं तर डिझेल इंजिनाच्या टाकीचं झाकण उघडताना मोडलंय. कुणी ते सांगत नाही, आमच्या भावाला विचारा.

रुतला तर काय करायचं? मूठ घावाच्याच रेषेत वरखाली हलवायची. नाही निघाला तर लाकडाला शेजारी कुऱ्हाडीचा घाव घालून चीर मोकळी करायची. वेळ लागतो. मलाही तेव्हा दोन मिनिटं जास्त लागली असती.

वाळकी बाभळ हे मुळात ऊसतोडीच्या कोयत्याचं कामच नाही. उसाच्या कोयत्याची धार पातळ, लांब उतरती. ओल्या कांडीतनं सरकन जावी म्हणून. ती वाळक्या, गाठीच्या लाकडावर हाणली की धार दुमडते नाहीतर तुकडा उडतो. लाकडाला कुऱ्हाड, तिची धार जाड आणि मागं वजन. कोकणात आमची बहीण दिलीय, तिकडं माडावर चढणाऱ्याची कोयती बघा, आखूड आणि जाड. त्याला नारळाचा पेंड तोडायचा असतो, ऊस नाही. ज्याचं त्याचं काम बघून लोहारानं ती घडवलीय. आपण घरात हाताला लागेल ते उचलतो.

आता दगड आणि तारेचं सांगतो, इथं मला आणखी एक कबुली द्यायचीय. ऊस बुडख्यातनं तोडा, जमिनीलगत तोडा असं आपण सगळे टोळीला ओरडून सांगतो, आणि ते बरोबर आहे. साखर बुडख्याकडं जास्त, वजन वाया जात नाही, आणि खोडव्याला जमिनीतनं चांगले फुटवे येतात. पण जमिनीलगत म्हणजे कोयता मातीत जाणार. त्या मातीत काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं, टोळीला नाही. तीनेक वर्षांमागं बीडकडनं टोळी आली होती. माझ्या एका रानात जुन्या काळी तारेचं कुंपण होतं, त्याचे तुकडे पाचटाखाली राहिलेले. एका जोडीचा कोयता तारेवर बसला. धारेला तांदळाच्या दाण्याएवढा खांडा पडला. त्या बाईनं कानशीनं घासला, पण खांडा खोल होता, पूर्ण निघाला नाही. तिसऱ्या दिवशी तिथनंच वर चीर गेली आणि पात्याचा पुढचा चतकोर तुटून पडला.

कापडाला आधी कात्रीनं जरासं कातरलं की मग हातानं टर्रकन फाटतं ना, तसंच आहे ते. गुळगुळीत पात्यावर ताण सगळीकडं वाटला जातो, खांडा असला की सगळा ताण त्याच्या टोकाला गोळा होतो. म्हणून खांडा दिसला की तो पूर्ण निघेपर्यंत धार मागं घ्यायची, अर्धा घासून कामाला लागायचं नाही.

मुकादम म्हणला, "कोयता ज्याचा त्याचा." तुम्हाला माहीत असेल, टोळीत नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. अमक्या मुकादमाकडं वीस कोयते, म्हणजे वीस जोड्या. आणि एक दिवस काम चुकलं की खाडा. म्हणजे हत्यार मोडलं तर त्या जोडीच्या पदराला दोन भोकं, नवा कोयता आणि वर खाडा. मी माझा कोयता त्यांना दिला आणि त्या दिवसाचे पैसे मुकादमाशी बोलून भरले. मोठेपणा सांगत नाही, तार माझी होती. त्यानंतर तोड यायच्या आधी मी कडेच्या सऱ्या फिरून बघतो. तारा, ठिबकच्या लोखंडी खुंट्या, बांधावरनं घरंगळलेले दगड. सगळं सापडत नाही, पण पोतंभर निघतं.

आणि एक सांगतो, हत्यार सांभाळायचं कसं ते या लोकांकडनं बघावं. ती बाई दर काही मोळ्यांनी बसून कानस फिरवायची, धार कधी पूर्ण बोथट होऊ द्यायची नाही. बोथट कोयत्यानं माणूस जास्त जोरात हाणतो, आणि जोरात हाणलेला घावच चुकतो. आपला कोयता ती दुसऱ्याच्या हातात देत नव्हती. आमच्याकडं एक कोयता सगळ्या घराचा, म्हणजे कुणाचाच नाही.

हातोड्यानं पाठीवर हाणणं ही आणखी एक खोड. पुतण्यानं दगड वापरला, आमच्यात हातोडी वापरतात. पोलादावर पोलाद आपटलं की कडाचा कपचा गोळीसारखा उडतो, आणि तो डोळ्यात गेला तर कोयत्याची नाही, डोळ्याची किंमत. हाणायचंच असलं तर लाकडाचं दांडकं घ्या, आणि बारक्या लाकडापुरतंच.

ग्रायंडरबद्दल बोललो की तरुण पोरं नाराज होतात. बॅटरीचा ग्रायंडर आता घरोघर आलाय, दोन मिनिटांत धार लागते, ठिणग्या बघायला बरं वाटतं. पण धारेवर निळा पट्टा उमटला की समजा तिथलं पाणी उतरलं. मग ती धार दोन उसात बसते, परत ग्रायंडर, परत निळी, आणि दोन वर्षांत चार बोटं रुंद कोयता दोन बोटांवर येतो. लावायचाच असला तर हलका हात, पाच-सहा सेकंद झाले की पाण्यात बुडवा, बोटाला चटका बसायच्या आत. मी कानसच वापरतो. हळू लागते म्हणूनच ती चुकत नाही.

शेकोटीत कोयत्यानं लाकडं सारणं, कोयत्यावर बटाटे भाजणं, हे पण त्यातलंच. आणि वेल्डिंग. मोडलेल्या पाट्याच्या कोयत्याला वेल्डिंग मारून आणलेले दोन नग माझ्या पोत्यात आहेत. दोन्ही वेल्डिंगवर नाही, वेल्डिंगच्या शेजारी मोडलेत. आता कळतंय का. वेल्डिंगनं शेजारचं पोलाद लाल होतं आणि बाकीचं गार पातं ती उष्णता झटकन ओढून घेतं, म्हणजे पाणी दिल्यासारखंच होतं, आणि ते उतरवतं कोण? माझ्या बादलीचाच प्रकार. पाट्याचा कोयता मानेत मोडला की त्याचं दुसरं छोटं हत्यार करून घ्या, जोडू नका.

गंजाचं थोडक्यात. उसाचा रस आंबतो आणि लोखंड खातो. पातं आपण पुसतो, पण मुठीच्या आत रस शिरतो तिथं कोण बघतं? शेपूट आतनं बारीक होत जातं. वर्षातनं एकदा मूठ हलवून बघा, लुकलुकत असली तर काढून बघा. काम झालं की धुऊन, पुसून, तेलाचा हात. इंजिनातलं जळकं तेल चालतं.

लोहाराची बाजू घेतोय म्हणून त्याचं काही चुकतच नाही असं नाही. पोत्यातले ते दोन नग सांगतो ना. एक विळा आठवडी बाजारातला, त्याला पाणी देतानाच चीर गेलेली, धारेपासनं वर केसासारखी, तोंड अर्धं काळं. दुसरा एक कोयता रस्त्याकडंला घडवून घेतलेला, पाटाच मुळात थकलेला होता. ट्रकखाली लाखो धक्के खाऊन मोडलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, त्यातनं घडवलं की चीर हत्यारात येते. चांगला लोहार पाट्याचा मोडल्या जागेजवळचा भाग घेत नाही. नवा कोयता घेताना दोरीला टांगून हलकेच टिचकी मारा, खणखणीत वाजला पाहिजे, बद्द वाजला तर ठेवा परत. धारेवर कानस फिरवा. काचेवरनं घसरल्यासारखी घसरली तर जास्त कडक, लोण्यासारखी खाल्ली तर कच्चं, थोडं अडत अडत कापली तर घ्या. आणि मूठ काढून दाखव म्हणायला लाजू नका. शेपटाचा आणि पात्याचा कोपरा काटकोनात कापलेला असेल तर तिथनंच मोडणार, तो गोलसर पाहिजे.

तर पोतं ओतलं त्याच दिवशी संध्याकाळी मामांकडं गेलो. भट्टी बंद होऊन चार वर्षं झाली. पोरगा एमआयडीसीत फॅब्रिकेशनला जातो. मामांना एका डोळ्यानं कमी दिसतं, ओसरीवर बसले होते. पुतण्याला बरोबर नेलं होतं, मुद्दाम. त्याच्यासमोर म्हणलं, "मामा, २०१७ ला मी तुमच्या भट्टीवर जे बोललो ते खोटं होतं. कोयता मी मोडला होता. तुमच्या लोखंडाचा दोष नव्हता."

मामा म्हणले, "मला तवाच म्हाईत हुतं की."

"मग बोलला का नाही लोकांना?"

"तुमी गिऱ्हाइक. आन् वैनींचा पाय फुटलेला. तवा कुठं बोलायचं?"

मग उठून आत गेले आणि एक खुरपं घेऊन आले. मी टाकून गेलो होतो त्याच कोयत्याचं. ती मान त्यांनी कापून टाकली होती आणि उरलेल्या पात्याचं खुरपं घडवून ठेवलं होतं, माझी वाट बघत, म्हणजे आठ-नऊ वर्षं. पैसे घेतले नाहीत. पुतण्यानं तेवढ्यात त्यांना आपल्या सुरीचे तुकडे दाखवले. मामांनी पोकळ मुठीत बोट घालून बघितलं आणि पोटभर हसले.

सौ. कालपासनं त्याच खुरप्यानं भुईमूग भांगलतीय. मूठ बाभळीचीच आहे, मामांनी बसवलेली.